लाल अंगरख्यातला बाबा

बेबीनंदा परतूरची. परतूरची म्हटलं की हसनाबादच्या बाया तिच्याशी सुरुवातीला जरा जपूनच बोलायच्या, कारण परतूरला रेल्वे, कापूस विकायचा मोंढा आणि पत्र्याची का होईना, टॉकीज. लहानपणी ती आईच्या पदराला धरून त्या टॉकीजात बायकांच्या बाजूला बसायची. मधे नुसता एक कापडाचा आडोसा. पलीकडे गडीमाणसं शिट्ट्या मारतायत आणि अलीकडे बाया पोरांना पाजत पाजत रडतायत. पिक्चरला जायचं, पोटभर रडायचं, हलकं होऊन घरी यायचं आणि भाकरी थापायच्या, हे तिला इतकं अंगवळणी पडलेलं की लग्न होऊन हसनाबादला आल्यावर, इथल्या कितीतरी बायांनी जन्मात एकही पिक्चर पाहिला नाही हे तिला आधी खरंच वाटेना.

"मंग रडता कुठं?" तिनं शेजारच्या कांताबाईला विचारलं होतं.

"चुलीपुढं," कांताबाई म्हणाली. "धुराचं नाव सांगता येतं."

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत तिच्या नवऱ्यानं, रामकिसननं, जालन्याहून एक जुना रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला. त्याचे चुलते काकासाहेब यांची बाजाराच्या वाटेवर पत्र्याची शेड होती, खताची पोती ठेवायची. तिथं रात्रीचे खेळ सुरू झाले. गावातली यच्चयावत गडीमाणसं जेवणं उरकून तिकडं पळायला लागली. बायांच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी आडावर यायचा तो पिक्चरचा चोथा. एकीच्या नवऱ्यानं सुरुवात सांगितलेली, दुसरीचा मधेच झोपी गेलेला, तिसरीचा घरी येऊन बोलतच नाही. शेवट कुणालाच ठाऊक नसायचा.

बेबीनंदा हे ऐकत पाणी शेंदायची. मशीन आपल्या घरातलं, आणि आपल्यालाच उष्टं? बाजाराच्या दिवशी कापसाच्या वेचणीला कुणी जात नाही. दुपारी बाजारहाट झाला की बाया मोकळ्या असतात. तेव्हा बायकांचा खेळ लावायचा, असं तिनं मनाशी धरलं, आणि एकदा धरलं म्हणजे धरलं.

काकासाहेब ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. ती पदर पुढं ओढून दाराआडून बोलली.

"बायांचा खेळ?" ते म्हणाले. "वहिनीला विचारलं का?" वहिनी म्हणजे बेबीनंदाच्या सासूबाई, गोजरबाई.

"आत्याबाई म्हणल्या, मामाला विचार."

"आन् मी म्हणतो, वहिनीला विचार."

"दोघंबी न्हाई म्हणत न्हाईत, म्हणजे हावच झालं की, मामा."

काकासाहेबांची सुपारी हातातच राहिली. मग ते हसले, पण अटी घालायला विसरले नाहीत. पिक्चर देवाधर्माचाच हवा. बायांच्या खेळाला आत एकही गडी नको. "आन् एक जरी वावगी गोष्ट कानावर आली तर कुलूप. मंग माझ्यापुढं रडत यायचं न्हाई."

आत गडी नको म्हणजे मशीन कोण चालवणार? रामकिसनला वाटलं, चला, परस्पर मिटलं. बेबीनंदा त्याच रात्री त्याच्या शेजारी जाऊन बसली. कॅसेट कशी सरकवायची, चित्रावर आडव्या रेघा आल्या तर कोणतं बटण फिरवायचं, कॅसेट वाचणारं आतलं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं कसं अलगद पुसायचं, हे ती असं शिकली की आठवड्याभरानं रामकिसनच तिला हाक मारायला लागला, "अगं, जरा पाय बरं, खरखर करून राह्यलंय."

बाया आल्या. पहिल्यांदा बिचकत, मग पोरांना घेऊन, मग पोरांना घरी ठेवून. पण हात रिकामे ठेवून बसणं कुणालाच जमेना. एकीनं तूर निवडायला आणली, एकीनं वातींचा कापूस, आणि देवाचा जन्म होईपर्यंत निम्मी तूर निवडून व्हायची. शेडमध्ये रडणं असं व्हायचं की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, कोणी गेलं की काय.

फक्त गोजरबाई येत नव्हत्या. "पेटीतल्या देवाच्या पाया पडायचं, आन् लाईट गेली की देव बी गेला?" हे त्यांचं म्हणणं. सून त्यांच्या मागं लागली नाही. ती फक्त दर खेळाची गोष्ट त्यांना संध्याकाळी शेवटासकट सांगायची. डिसेंबर अर्धा सरला तसं गोजरबाई आपणहून म्हणाल्या, "दत्तजयंती बाजाराच्या दिवशी आलीय म्हणं. दत्ताचा लावणार असशील तर येते."

बेबीनंदाला आभाळ ठेंगणं झालं. सासू येणार म्हटल्यावर भावकीतली एकही बाई घरी राहणार नव्हती. तिनं रामकिसनला एसटीत बसवून देताना बजावून सांगितलं, दत्ताचाच आणा.

त्या वर्षी दत्तजयंती आणि नाताळ लागूनच आले होते. जालन्यातल्या कॅसेटच्या दुकानात रामकिसन पोचला तोवर देवादिकांच्या सगळ्या कॅसेटी गावोगावच्या मंडळांनी उचलल्या होत्या. मालक जेवायला गेलेला. गल्ल्यावरच्या माणसानं वर न पाहताच एक नवी कॅसेट सरकवली. "देवाचं काही शिल्लक न्हाई. ह्यो सणाचा हाय, इंग्लिश."

रामकिसननं वेष्टनावरचं चित्र निरखून पाहिलं. छातीपर्यंत पांढरी दाढी. लाल अंगरखा. डोक्याला लाल टोपी, खांद्याला भली मोठी झोळी, मागं दिव्यांनी लखलखलेलं एक झाड. उजव्या हातात काहीतरी धरलेलं होतं, पण नेमका तिथंच दुकानाचा शिक्का मारलेला कागद चिकटवलेला. त्या कागदाखाली कमंडलू असणार, हे त्यानं आपल्याच मनानं ठरवून टाकलं.

"दत्ताचा न्हाई मिळाला," घरी येऊन तो म्हणाला. "पण बाबाचा हाय. परदेशातला कोणी सिद्धपुरुष दिसतो."

"लावून पाहिला का?"

"लाईट कुठं होती तिथं? अगं, दाढी पाय ना त्याची! अशा दाढीचा माणूस वंगाळ असतो का कधी?"

बेबीनंदानं वेष्टन उलटंपालटं करून पाहिलं. झोळी होती, दाढी होती, डोळेही मायाळू होते. तिचं मन पुरतं मानेना, पण दुपार उतरायला लागली होती आणि शेडकडून बायांचा गलका ऐकू येत होता.

गोजरबाई आल्या त्या ताम्हण घेऊनच. त्यांनी टीव्हीला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं. बेबीनंदानं कॅसेट आत सरकवली.

पडद्यावर आभाळातून पांढरं पांढरं काहीतरी भुरभुरायला लागलं.

"कापूस पडून राह्यला गं माय!"

"वेचायला आपल्याला बोलवू नका म्हणावं."

एक मोठं घर दिसलं. आत कॉलेजच्या पोरी एका झाडाला दिवे आणि गोंडे बांधत होत्या. सणाला सगळ्या आपापल्या गावी निघालेल्या, मागं एक पिवळ्या केसांची आणि तिच्या मोजक्याच मैत्रिणी राहिलेल्या. बोलणं इंग्रजी. सगळ्यांनी माना वळवल्या त्या रमाबाईकडं. रमाबाई मास्तरची बायको, जालन्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. आता न्हाई म्हणायची सोय नव्हती तिला.

"काय म्हणतायत?"

"सणाची तयारी चाललीय," रमाबाई म्हणाली, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग तो आला. लाल अंगरखा, दाढी, झोळी, बर्फातून एक एक पाऊल टाकत. बायांनी हात जोडले. कांताबाईनं तर डोळेही मिटले. बाबा छपरावर चढला आणि धुराड्यातून आत उतरला.

"अगं बया, आमच्या धुराड्यातून मांजर पडतं!"

"गप बस," गोजरबाई दटावून म्हणाल्या. "सिद्धाला दार लागत न्हाई."

बाबानं झोळी खाली ठेवली. आत हात घातला. आता परसाद काढणार म्हणून गोजरबाईंची ओंजळ नकळत पुढं झाली. बाबानं कुऱ्हाड काढली.

पुढं काय झालं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. ताम्हण लवंडलं, तूर सांडली, एकच किंकाळी उठली आणि अर्धी शेड दाराकडं धावली. बेबीनंदा त्यांच्या आधी दारापाशी पोचली. बाहेर बाजार भरलेला होता. बाया बोंबलत रस्त्यावर गेल्या तर दिवस मावळायच्या आत कुलूप, आणि पुन्हा आडावरचा चोथा, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"ज्यांना जायचं त्यांनी जा," ती दाराला पाठ लावून म्हणाली, "मी कोणाला अडवत न्हाई. पण पदर सावरून, चालत. पळत गेलात तर ह्यो आपला शेवटचा खेळ समजा."

ती दारातून हलली नाही. एकदोघी पदर तोंडाशी धरून हळूच गेल्या. बाकीच्या तिथंच एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मग बेबीनंदा मशीन बंद करायला वळली.

"थांब," गोजरबाई म्हणाल्या. त्या जागच्या उठल्याच नव्हत्या. "ती पिवळ्या केसांची पोर कुठं गेली?"

"आत्याबाई, ह्यो देवाचा न्हाई."

"ते मलाबी दिसून राह्यलं, डोळे हायेत मला. पण बाकीच्या गेल्या, ती पोर घरात एकटीच उरली ना? तू आत्ता बंद केलं तर ती तशीच राहील त्याच्यासंगं."

बेबीनंदाचा हात बटणावर होता. तिनं तो काढून घेतला.

बाया एकेक करून पुन्हा खाली बसल्या. आता रमाबाईला कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच उरली नव्हती. पोर जिन्याकडं पळाली तशी सगळी शेड ओरडली, "वर नको गं, वर नको! दार खाली हाय!"

"चढली बघ. काय म्हणावं हिला! शिकलेली ना?"

"अगं, दिवा मालव आधी! अंधारात बस!"

"रडू नको, त्याला ऐकू जातं!" हे कांताबाईनं अगदी कळवळून सांगितलं.

पोर अडगळीत लपली, तिथून घसरत खाली आली, शेकोटीपाशी पडली. "सळई घे! हाताशीच हाय तुझ्या, सळई!" आणि जणू हसनाबादहून गेलेला आवाज पोचावा तशी तिनं ती लोखंडी सळई उचलली. बाबा पडला. शेडमध्ये टाळ्या पडल्या. पोर पाठ फिरवून बसली आणि मागं बाबा पुन्हा उठून उभा राहिला.

"मेला न्हाई गं तो! मागं पाय, मागं!"

"हाण त्याला!" ह्या गोजरबाई. जपमाळ मुठीत गच्च.

दुसऱ्या वेळेला तो उठला नाही. दाढी सुटून बाजूला पडली. खालून त्या पोरींच्या घराचा राखणदार निघाला, सकाळी त्यांना हसून रामराम करणारा.

"सोंग होतं मेल्याचं!"

"मला पहिल्यापासूनच वाटलं होतं," कांताबाई म्हणाली.

"तू? तू तर डोळे मिटून हात जोडले होतेस!"

त्यावर जे हसू फुटलं, ते बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असणार. कारण दार ढकलून काकासाहेब उभे होते.

पडद्यावर पहाट झाली होती. पोर घोंगडीत गुंडाळून पायरीवर बसलेली आणि पांढऱ्या अंगणात लाल सडा. काकासाहेबांनी पडद्याकडं पाहिलं, टीव्हीवरच्या फुलाकडं पाहिलं. बायांनी पदर पुढं ओढले.

"ह्यो देवाचा पिक्चर?"

"राक्षसाचा वध झाला की मामा," कांताबाई चाचरत म्हणाली. "आत्ताच."

आणि ते चाललंही असतं कदाचित. राक्षसाचा वध म्हणजे पुराणच की. सगळ्या बायांनी बेबीनंदाकडं पाहिलं, की तू फक्त हाव म्हण. पण एकदा असं म्हटलं की दर खेळाला म्हणत राहावं लागेल, हे तिला कळत होतं.

"न्हाई मामा, देवाचा न्हाई," ती म्हणाली. "कॅसेट चुकीची आली. मी आधी लावून पाहायला पायजे होती, ती चूक माझी. पण आम्ही तो शेवटापर्यंत पाहिला, ती चूक न्हाई."

काकासाहेब दारातून बाजूला झाले. बाया बाहेर पडेपर्यंत थांबले, रामकिसनला बोलावून मशीन घरी न्यायला लावलं, आणि कुलूप लावून किल्ली कंबरेला खोचून निघून गेले.

घरी रामकिसन डोकं धरून बसला. शेडला कुलूप म्हणजे रात्रीचे खेळही बंद, आणि घर त्यावर चाललेलं. तो काकासाहेबांकडं जाऊन निरोप घेऊन आला. बायांचा खेळ कायमचा बंद करते म्हणून बेबीनंदानं स्वतः येऊन सांगायचं, की उद्याच शेड उघडी.

"जाऊन सांग ना," तो म्हणाला. "दोन शब्द तर बोलायचेत."

"चुकीच्या कॅसेटची माफी हजारदा मागते. हे न्हाई सांगायची मी."

"मंग मशीन काय उशाला घेऊन झोपायचं?"

"मशीन हाय, मी हाय. जागाच पायजे ना? आपल्या मधल्या खोलीत लावू."

घर मातीच्या धाब्याचं, जाड भिंतींचं, एक झरोका सोडला तर मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागायचा. पिक्चरला याहून चांगली खोली गावात नव्हती. पण खोली गोजरबाईंची. त्या चुलीपुढं पाठमोऱ्या होत्या. त्यांनी तवा सारखा केला. भाकरी उलटली, फुगू दिली.

"रातचे गडी माझ्या घरात बिलकुल नको," त्या म्हणाल्या. "बिड्या वढतात, थुकतात. दुपारच्या बाया येऊ दे."

"आन् मी?" रामकिसन म्हणाला.

"तू दुपारी मळ्यात जा."

पुढच्या वेळी बेबीनंदा स्वतः जालन्याला गेली. दुकानदाराला तिनं प्रत्येक कॅसेट लावून दाखवायला लावली. सुरुवात, मधलं आणि शेवट. "बाई, असं कोणी करत न्हाई," तो वैतागून म्हणाला. "मी करते," ती म्हणाली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली. पुढं घरोघरी केबल येईस्तोवर ती कॅसेट अशीच निवडत राहिली, आणि दुकानदार तिला पाहिलं की आधीच स्टूल पुढं करायचा.

घरातल्या पहिल्या खेळाला तिनं झरोक्यावर गोधडी टांगली, सतरंजी अंथरली आणि उंबऱ्यावर वाट पाहत उभी राहिली. गल्ली सुनसान. बऱ्याच जणींना घरून ताकीद होती. रमाबाईला मास्तरांनी साफ मना केलं होतं. उशिरानं कांताबाई सुपात तूर घेऊन आली, तिच्यामागं आणखी दोघीतिघी. सतरंजीचा एक कोपरासुद्धा भरला नाही.

"आज राहू दे का?" कांताबाई म्हणाली.

"दोघी आल्या काय, अन् पन्नास आल्या काय, कॅसेट तेवढीच फिरते," बेबीनंदा म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. देवाचा नव्हता तो पिक्चर. सवतीच्या घरात पाय रोवून राहिलेल्या एका बाईचा होता. गोजरबाई खाटेवरून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पिक्चरची गोष्ट आडावर पोचली. ह्या वेळी शेवटासकट. संक्रांतीला वाणाच्या निमित्तानं आलेल्या बाया बसल्या त्या उठल्याच नाहीत, आणि त्यांच्यात रमाबाईही होती. तिनं मास्तरांना काय सांगितलं ते कुणी विचारलं नाही. नंतर नंतर तर उशिरा येणारीला उंबऱ्यावर बसावं लागायला लागलं.

इकडं रात्री गडीमाणसांचे हाल. पारावर बसून तेच ते बोलून सगळे कंटाळले, आणि जो तो काकासाहेबांना धरायला लागला. बायांच्या भांडणात आमचा खेळ कशाला बुडवता? शेवटी एका बाजाराच्या दुपारी काकासाहेब स्वतःच येऊन ओसरीवर टेकले. आत खेळ चालू होता. बेबीनंदा चहा घेऊन बाहेर आली.

"शेड उघडलीय," ते म्हणाले. "आजपासून रामकिसनला रातचं लावू दे. आन् बायांनाबी तिथंच येऊ दे दुपारी. इथं वहिनीला तकलीफ कशाला?"

"रातीला ह्यांनी जरूर न्यावं मशीन," ती म्हणाली. "सकाळी परत आणून ठेवायचं. दुपारचं आमचं इथंच."

"पिक्चर कोणते लावून राह्यली?"

"बाया म्हणतील ते."

"अट ठरली होती आपली."

"ती शेडची अट होती, मामा. हे घर हाय."

काकासाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. आतून एकदम बायांचा ओरडा आला, कोणाला तरी बजावत होत्या, जाऊ नको, जाऊ नको. त्यांनी बशी रिकामी करून खाली ठेवली आणि आतल्या अंधाराकडं पाहिलं.

"कुठं चाललीय ती?" त्यांनी विचारलं.

"माहेरी. पण जायची न्हाई," बेबीनंदा म्हणाली, आणि रिकामी बशी घेऊन आत गेली.